शंका शुद्धलेखनाची असेल तर

मथळा साडेदहाला आला. नेहमीप्रमाणे
आधी मथळा, मागाहून बातमी:
‘संपकऱ्यांनी मुंबईकरांना वेठीस धरले’.
मी मुद्रितशोधक. तेवीस वर्षं
हे वाक्य माझ्या हाताखालून जातंय.
कधी बसवाले, कधी परिचारिका, कधी गोदी.
कर्ता बदलतो; कर्म आणि क्रियापद
टिपणीससाहेबांच्या खणात तयार असतं.
मी फक्त बघतो, ठी दीर्घ आहे ना.
होती.

या वेळी धुलाईघर.
रुग्णालयांच्या चादरी, गाऊन,
ऑपरेशनची हिरवी फडकी
जिथं उकळत्या पाण्यात पडतात, ते.
कंत्राटी माणसं दोनशे चौदा, बायकाच जास्त.
मागण्या होत्या बातमीत, अगदी तळाशी,
जाहिरात वाढली तर कापायच्या परिच्छेदात.
जाहिरात वाढली.

फोटो मात्र तीन कॉलम.
फाटकापाशी उन्हात फतकल मारलेल्या बायका
आणि मधली एक हसतेय, मान मागं टाकून,
दातातली फट दिसेल इतकी.
फोटोओळ: ‘रुग्णांचे हाल; आंदोलक मजेत’.
अर्धविराम राहिला होता. मी दिला.

मधली ती मालन खरटमल.
मानखुर्दला आमच्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर.
लिफ्ट बंद असली की
तिसऱ्यावर आमच्याकडे पाणी प्यायला थांबते.
विचारलं, एवढं काय हसलीस गं?
म्हणाली, अकरावा दिवस होता, दादा.
जुबेदा आपले तळवे बघत बसलेली,
उलटे, सुलटे, परत उलटे,
आणि एकदम म्हणते,
‘मालन, हे कुणाचे? माझे तर ओले असतात.’
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हात सुकले आमचे.
तेवढ्यात तो फोटोवाला पोरगा म्हणाला,
मूठ वर करा, मावशी.
एकीचीही मूठ धड वळेना.
मग हसू नाही तर काय करू?

ती गेल्यावर मी शब्द चघळत बसलो.
वेठ म्हणजे बिनमोल राबवून घेणं.
मालनचा चार महिन्यांचा ओव्हरटाइम थकलाय
आणि वेठीस धरलं म्हणे तिनं,
मुंबईकरांना.
तिचा जन्म नायगावचा,
पण तेवढे पंधरा दिवस ती मुंबईकर नव्हती.
खरं तर कर दोन्ही शब्दांत आहे,
संपकऱ्यातही.
कर म्हणजे हात, असंही कोशात दिलंय.
कोश माझ्याच टेबलावर असतो.
त्यावर सगळे चहाचा कप ठेवतात.

संप चिघळतो, प्रशासन तोडगा काढतं,
कामगार नरमतात. सातव्या पानावर चार ओळी.
थकबाकीचं काय झालं, त्याला पाचवी ओळ लागली असती.

परवा मालनकडे गेलो, मीटरचं बिल द्यायला.
टीव्हीच्या वर, काचेत, तोच फोटो.
मथळा नाही. फोटोओळ नाही.
कात्रीनं कडेकडेनं नेमकं कापलेलं,
जुबेदाचा तळवा तेवढा मुद्दाम राखलेला.
‘आश्लेषा म्हणाली, आई, तुझा एकच फोटो बरा आलाय.
फट दिसते का हो फार?’
एवढी चोख काटछाट
आमच्या डेस्कवर कुणाला जमली नसती.
मी नाही म्हणालो. फटीबद्दल.

काल रात्री पुन्हा, साडेदहा.
कर्ता: घंटागाडीवाले.
ठी दीर्घ होती.
तरी मी समासात पेन्सिलीनं लिहिलं,
वेठ कुणाची?
कागद दहा मिनिटांत परत आला,
खाली टिपणीससाहेबांचं वळणदार अक्षर:
शंका शुद्धलेखनाची असेल तरच.