थकबाकी

पटावर एकोणीस. त्यातले दोघे
आईसोबत भिवापूरच्या सातऱ्यावर,
मिरचीचे देठ खुडायला.
केंद्रप्रमुख चाचेरकर साहेब
उरलेले सतरा बोटानं दोनदा मोजतात.

सादिल अनुदान मार्चच्या एकतीसला आलं,
एकतीसलाच खर्चायचं होतं.
खडू घेतले, फिनाईल, एक कुलूप.
विजेचं बिल राहिलं.
गावानं वर्गणी काढून घेतलेला टीव्ही
तेव्हापासून जुन्या लुगड्याखाली.
पोरं येता-जाता त्याला हात लावतात,
ताप बघावा तसा.

साहेब म्हणाले, चौथीचं वाचन घ्या.
मी पुस्तक उघडलं, त्यांनी मिटलं.
"हे पाठ असतं. दुसरं काही?"
दुसरं काही नव्हतं.
पुस्तकांच्या पेटीची किल्ली
बदली झालेल्या मॅडमसोबत पारशिवनीला गेली,
ती अजून तिकडंच.

तेवढ्यात रागिणी नन्नावरे उठली.
"भिंतीवरचं वाचू का जी?"
आणि मी नको म्हणायच्या आत
मीटरखाली डकवलेला कागद
घडाघडा वाचत सुटली:
ग्राहक क्रमांक, थकबाकी, विलंब आकार,
अन्यथा पुरवठा कायमस्वरूपी खंडित करण्यात येईल.
एकाही जोडाक्षराला अडली नाही.
पूर्णविरामाला थांबलीसुद्धा.

साहेबांनी लिहिलं, वाचन उत्तम.
मग पेन तसंच धरून
बंद पंख्याकडे बघत राहिले.
"किती आहे हो गुरुजी, रक्कम?"

मी फाईल शोधत होतो.
उत्तर रागिणीनंच दिलं,
पैशांसकट.