घमेल्याची कड

फुटाणी आली तेव्हा फुटाण्याएवढीच होती,
बाजारातल्या रिकाम्या पोत्यात, डोळे चिकटलेले.
चौदा वर्षं झाली.
तेव्हा मी काजं हातानं करायचो,
बिनचष्म्यानं सुई ओवायचो.

न्हाणीमागच्या घमेल्यात चुलीची राख,
मी रोज चाळून टाकायचो.
ती जायची, उकरायची, झाकायची,
निघताना एकदा मागे वळून पाहायची,
कुलूप ओढून बघावं तशी.
शेजारची द्वारका म्हणायची,
"मास्तर, तुमची मांजर माणसाहून नेमाची."

पोळा चार दिवसांवर असताना
कावळ्यांच्या सुनेच्या ब्लाउजपिसावर
एक ओलं वर्तुळ.
जांभळं कापड, खडूच्या रेघा विरघळलेल्या.
मी गज उचलला.
लोकांना सांगतो, नुसता उगारला.
मारला. एकदाच, शेपटीजवळ.
ती पळाली नाही.
होती तिथंच खाली बसली,
आणि रात्रभर मला तेच टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मशीनच्या पायट्याखाली.
तिसऱ्या दिवशी घमेल्यापाशीच, पण एक वीत अलीकडे,
गावाच्या वेशीपर्यंत चालत यावं
आणि तिथंच पाय संपावेत, तसं.

द्वारका म्हणाली, "म्हातारी झाली ते, याडावली.
वावरात सोडून द्या."

बुधवारच्या बाजारातलं सुकट,
ज्याच्या वासावर ती तीन घरं ओलांडून यायची,
ते हुंगलं,
आणि पंजानं झाकू लागली.
राख नव्हती तिथं.
शेणानं सारवलेल्या भुईवरून
नसलेली राख ओढत राहिली.

पाणी मात्र प्यायची.
इस्त्रीआधी कपड्यावर शिंपडायची माझी वाटी
रोज सकाळी कोरडी.
मला वाटलं, वाटीच चिरली.

टोपलीला अस्तराचं कापड बांधलं, एसटीत बसलो.
कंडक्टरनं विचारलं, "कोंबडी हाय का?"
मी म्हटलं, "हाव."
कोंबडीचं तिकीट लागलं. काढलं.

दवाखान्याच्या अंगणात खोड्यात अडकवलेला बैल,
सात-आठ बकऱ्या, आणि माझ्याकडं पाहून हसणारी माणसं.
"मास्तर, मांजरीले कायचं इंजेक्शन?"
मडावीबाई हसल्या नाहीत.
त्यांनी हात धुतले,
फुटाणीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरली, सोडली.
कातडी खाली बसली नाही.
इस्त्री न घेणाऱ्या घडीसारखी
तशीच उभी राहिली.

"मूत्रपिंडं थकली हिची," बाई म्हणाल्या.
"मागचे पायही दुखतात. घमेल्याची कड किती उंच?"
मी हवेत हात धरला, वर केला, खाली केला.
आयुष्यभर मापं घेतली गावाची,
हे माप मला माहीत नव्हतं.
"राग नाही काढत ती. वेळेत चढणं होत नाही."
मी विचारलं, "बरी होईल?"
"बरी नाही," त्या म्हणाल्या, "थोडं सोपं करता येईल."

घरी येऊन लोहाराकडून छिन्नी आणली,
घमेल्याची एक बाजू दोन बोटांवर उतरवली.
पत्र्याला धार राहिली.
सायकलची जुनी ट्यूब उभी चिरली,
दाभणानं भोकं पाडून त्या धारेला गोट लावला.
इतक्या सावकाश मी कुण्या नवरीचंही काही शिवलं नसेल.
कावळ्यांच्या सुनेला नवं कापड घेऊन दिलं.
जांभळा जरा वेगळा निघाला. ती बोलली नाही.

वर्षभर झालं,
मीही रात्रीतून तीनदा उठतो.
कुणाला सांगितलं नाही.
मडावीबाईंना सांगणार होतो,
पण त्या बैलाकडं वळल्या होत्या.

आता मी उठलो की तीही उठते.
कधी ती आधी, मग मी.
भिंतीला हात लावत न्हाणीपर्यंत जातो आम्ही.
ती गोटावरून एक पाय टाकते, थांबते,
मग दुसरा.
मी उभाच असतो, तिचं होतं माझ्या आधी.
राख ओढत नाही ती आता,
विसरली, की जमत नाही, कोण जाणे.
मागे वळून पाहते फक्त.

मी चपलेच्या टोकानं
राख ओढून देतो.