पितळी कडं

एर्सिरा लेपिचेओ दुकानात आली तेव्हा
माझे हात कोपरापर्यंत डिझेलमध्ये होते.
तिनं बाकावर दोन वस्तू ठेवल्या, पुसून, जरा लांब लांब,
भांडलेल्या भावंडांना बसवावं तशा:
सूक्ष्मदर्शकाची तिसरी नळी, तीस वर्षं टोपणाखाली राहिलेली,
आणि काडेपेटीएवढा एक कॅमेरा,
ज्याला ना बटण होतं ना भिंग.

"हे एकमेकांत बसत नाहीत," ती म्हणाली.

मी बोटींची इंजिनं उघडतो. अचाओच्या धक्क्यावर
न बसणाऱ्या गोष्टींवरच माझं घर चालतं.
तरी विचारलं, एवढासाच का घेतलास?
जास्त मेगापिक्सेलचा नव्हता?
ती म्हणाली, भिंग जेवढं देतं तेवढंच घेता येतं.
वाटी मोठी आणली म्हणून रस्सा वाढत नाही.

मापं तिनं पावाच्या पिशवीवर लिहून आणलेली.
नळीचं तोंड तेवीस मिलिमीटर आणि वर केसभर,
कॅमेऱ्याचे आटे एक इंची, इंचात बत्तीस फेरे,
आणि मधे साडेसतरा मिलिमीटर
नुसती हवा.
हवेचंही माप असतं हे मला माहीत होतं,
पण कुणी ते लिहून आणलं नव्हतं.

मी काही बोललो नाही.
मार्चमध्ये याच बाईच्या एका सहीनं
माझ्या मेहुण्याचे, आर्तेमिओचे,
अकरा दोर शिंपले पाण्यातच राहिले.
भरलेले, केशरी, ऐन काढणीचे.
लाल भरती, म्हणे. पाणी तर निळंच होतं.
विष कुणी पाहिलं? तिनं.
एकटीनं. तेही एका डोळ्यानं;
शिंपल्यांची राखण करता करता
दुसऱ्यात मोतीबिंदू धरलेला.

तर मी लेथवर पितळ चढवलं,
बुडालेल्या एका होडीच्या दांड्यावरचं बुश,
आणि कातत राहिलो.
पितळ कातताना गोड वास येतो. राग त्या वासात
नीट टिकत नाही.

पहिल्यांदा बसवलं तर पडद्यावर विहीर:
मधे उजेडाचं नाणं, भोवती काळोख.
"अंतर जास्त झालं," ती म्हणाली, तक्रार न करता.
दोन मिलिमीटर उतरवले. काळोख कोपऱ्यांत गेला,
मग तिथूनही गेला.
पण आता डोळ्याला लख्ख तेव्हा पडद्यावर धुकं,
पडद्यावर लख्ख तेव्हा डोळ्याला धुकं.
अर्धा दिवस त्यातच.
शेवटी सिगारेटच्या पाकिटातली चांदी
गोल कापून मधे सरकवली, एकच चकती,
आणि दोघं एकाच वेळी
एकच गोष्ट बघू लागले.

ती मार्चची बाटली होती.
आयोडीननं चहासारखी झालेली,
झाकणावर तारीख, आणि आर्तेमिओच्या खाडीचं नाव.

मी त्याला बोलावून आणलं. बूट न काढताच तो आत आला.
पडद्यावर चार गोळे, एकमेकांना चिकटून,
छोटीशी माळ. थेट त्याच्या दोरांसारखी.
तो बराच वेळ बघत होता.
"एवढंच?" म्हणाला.
मग दुसरी माळ सरकत आली, तिसरी,
आणि त्यानं खुर्ची ओढून घेतली.

एर्सिरा पडद्याकडे बघत नव्हती.
ती वाकून, सवयीनं, नळीतूनच बघत होती.
मी विचारलं, चित्र बरोबर येत नाही का?
"बरोबर आहे," ती म्हणाली.
"फक्त यात माझी पापणी नाही.
तीस वर्षं हा समुद्र पाहिला,
कडेला ती असायचीच."

मग तिनं पाकीट काढलं.
मी पितळेचे धरले नाहीत, मजुरीचे घेतले.
आर्तेमिओ उठला नव्हता.
बोटानं पडद्यावर काहीतरी मोजत होता,
मधेच चुकून,
पुन्हा पहिल्यापासून.