तुडुम

कापगते गुरुजींची पेटी
कोमल निषादावर अडायची.
भाताच्या गिरणीतला कोंडा शिरला होता तिच्यात.
भाता उघडला की आधी पिवळी धूळ,
मग बागेश्री.

मी चौदाचा. डग्ग्याला कणीक लावायचो
आणि गुरुजी सांगतील ते स्वर
सोसायटीच्या जुन्या रजिस्टरात उतरवायचो,
खताच्या पोत्यांच्या रकान्यांत
गंधार, मध्यम.

कौतिकाबाई नाकाडे गिरणीत पोती मोजायची,
पावत्यांच्या पाठीवर लिहायची.
एकदा एकवीस पावत्या रबर लावून
तिने गुरुजींपुढे ठेवल्या, थकबाकी ठेवावी तशा.
"चाल लावून द्या जी.
याहीले वाचता येत नाही."

सतरावी पावती:
तू रातच्याला उठतस तुडुम उघडाले,
हातरुनात तुह्या जागी
ऊन ऊन खड्डा रायते.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
नागपूरला अकरा वर्षं शिकलेले,
विरहाच्या शंभर बंदिशी कंठात.
सगळ्यांतला सजण परदेशी.
तलावाचं पाणी सोडायला गेलेला
आणि पहाटे चिखलाच्या पायांनी
त्याच हातरुनात परत येणारा
एकही नव्हता.

'तुडुम' गळ्यात बसेना.
दोन उकार, आणि लगेच ओठ बंद.
तान घ्यायची कुठे?
त्यांनी खोडून 'द्वार' लिहिलं.
'द्वारा'वर मींड काय उतरली,
धैवतावरून मध्यमावर, घारीसारखी!

कौतिकाबाईने पूर्ण ऐकून घेतलं.
पदराला हात पुसले.
"दार देवाले रायते, गुरुजी.
तलावाले तुडुम."

पंधरा दिवस गिरणी चालू, गुरुजी बंद.

मग एका रात्री आमच्या दारावर काठी.
"ऊठ. रूपक लाव."
बाकी तालांत समेवर टाळी,
रूपकात समेवरच खाली.
जिथे पोचायचं, तिथे हात उलटा, रिकामा.
"हा तिचा खड्डा," गुरुजी म्हणाले,
"तिनं आधीच खणून ठेवला होता.
मीच बुजवत बसलो."

तुडुम समेवर टाकला.
मुरकी नाही, काही नाही.
ओठ मिटले ते मिटले,
आणि पुढचं आवर्तन नुसता तंबोरा,
पाटाच्या टोकाशी पाणी पोचेपर्यंत
फावडं टेकून उभं राहावं तसा.
मी रजिस्टरात खालीची खूण केली.
'शिल्लक'च्या रकान्यात शून्य आलं.

मंडईच्या आदल्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात ऐकवलं.
सदाराम पानकर उशिरा आला,
गुडघ्यापर्यंत ओला, खांद्यावर फावडं,
टॉर्च विझवायचा विसरलेला.
उजेडाचं एक वर्तुळ लोकांच्या चपलांवर.
गुरुजींचा आवाज एकदा फाटला.
निषाद अडलाच.
माझी एक मात्रा पळाली, कुणाला कळलं नाही,
गुरुजींना कळलं.

संपलं. कुणी वाहवा म्हणेना.
सगळे सदारामकडे बघत होते,
कारण गाव लहान, आणि खड्डा कोणाचा
हे सगळ्यांना ठाऊक.

त्याने टॉर्च विझवला. पुन्हा लावला.
"तुडुम बराबर वाजला," म्हणाला.
मग बऱ्याच वेळाने, कौतिकाबाईकडे न बघता,
"खड्ड्याचं मले मालूम नोतं."

दोघं बांधावरून घरी गेली.
टॉर्च एकच होता.
तो मागे चालत होता,
उजेड तिच्या पायांपुढे टाकत.