राहण्याची सोय

कॉलेजला शंभर वर्षं होतायत,
म्हणून दोन पानं हवीत:
वसतिगृहांचा इतिहास, फोटोंसकट.
"हलकंफुलकं लिही, वेंडेला," डीन म्हणाले,
"देणगीदार वाचणार आहेत."

मी बावीस वर्षं चाव्या सांभाळते.
इतिहास म्हणजे माझ्या लेखी
भिंतीवरची फळी,
खिळ्याखिळ्याखाली एक आकडा.

तर, सुरुवातीला खोल्या नव्हत्याच.
आयोवातल्या या गावात धान्याच्या कोठाराच्या माळ्यावर
अकरा मुलं झोपायची
मक्याच्या पोत्यांना पाठ लावून.
एकानं भाड्यापोटी गाय आणून बांधली.
मुलाचं नाव पुसट झालंय,
गायीचं स्वच्छ वाचता येतं: डॉर्कस.

मग मुलींचा हॉल, लाल विटांचा.
रेक्टर मिस एफी लँगस्ट्रॉथ.
साडेनऊला दिवे बंद,
बाहेर जाताना वहीत सही आणि कारण.
"टपाल." "टपाल." "टपाल."
हेस्टर नावाच्या मुलीनं एका आठवड्यात
चौदा वेळा टपाल टाकलंय,
एकदा रविवारी.
मिस लँगस्ट्रॉथनं प्रत्येक टपालापुढे
बारीक बरोबरची खूण केली आहे.
तिला कळत नसेल असं मला वाटत नाही.

तेवीस सालच्या जानेवारीत नॉर्थ हॉल जळाला.
बंबाच्या नळीतच पाणी गोठलं.
मुलांनी पियानो वाचवला,
गादी एकानंही नाही.
(हा फोटो आहे. बर्फात पियानो,
शेजारी नाइटशर्टातली सहा मुलं, हसतायत.)

लढाईनंतर सैनिक शिकायला आले
बायकापोरांसह.
रेल्वेनं पत्र्याच्या बराकी आल्या,
नदीकाठी ओळीनं उभ्या राहिल्या.
दोरीवरचे लंगोट थंडीत फळीसारखे कडक व्हायचे,
आया ते दारावर आपटून
घडी घालायच्या.

इथवर दीड पान झालं.

अठ्ठेचाळीस सालचा एक अर्ज आहे.
लूथर पेटीवे, रसायनशास्त्र, गाव मेम्फिस.
वंशाच्या रकान्यात एक शब्द,
आणि "राहण्याची सोय" या ओळीवर
दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, दुसऱ्या शाईत:
"स्वतःची."

त्या वर्षी वेस्ट हॉलमध्ये
नऊ खोल्या रिकाम्या होत्या.
मी दोनदा मोजल्या.

चार वर्षांच्या एकाही खोलीवहीत त्याचं नाव नाही.
पदवीच्या यादीत आहे, वरून तिसरं.
म्हणजे हा माणूस चार वर्षं
कुठेतरी झोपत होता.

शेवटी सापडला तो पावाच्या हिशेबात.
बोझेना क्राटोचविल, बेकरीवाली, विधवा;
तिच्या भाचीच्या मुलीनं बुटांच्या खोक्यातून
जमाखर्चाची वही आणून दिली.
निम्मं चेक भाषेत, निम्मं मोडक्या इंग्रजीत.
"लूथर. वरची खोली. जिना मागून."
"नोव्हेंबर. भाडं घेतलं नाही,
पहाटे तीनला उठून भट्टी लावतो."
"हात चांगला. राय त्याच्याकडेच दिला."
"परीक्षा. उठवलं नाही."

आणि पानाच्या तळाशी, दर शनिवारी,
चार वर्षं न चुकता:
"कॉलेजची खानावळ, चाळीस पाव.
पैसे मिळाले."

मी वही मिटली,
खाली जाऊन फळीसमोर उभी राहिले.
वेस्ट हॉलचे ते नऊ खिळे
अजून आहेत. चाव्या बदलल्या,
खिळे कोण बदलतो?

डीन म्हणतात, तिसरं पान बजेटात बसत नाही.
बरं.
मग मी पियानो काढला.
बर्फातली ती सहा मुलं गेली.
लंगोट गेले.
हेस्टरला फक्त एक टपाल ठेवलं.
तरी दोन ओळी जास्त होत होत्या,
म्हणून गाय काढली.

गाय काढताना मात्र वाईट वाटलं.