एनेबिश

नोव्हेंबरची रात्र, उणे बावीस.
शेळ्या पोटाला पोट लावून गप्प.
आई म्हणाली, आज निजायचं नाही,
तालुक्याच्या शाळेतले मास्तर सांगून गेलेत,
आज आभाळ गळणार आहे.

आमच्या गोबीत तारा तुटला की
तीनदा थुंकायचं आणि म्हणायचं, माझा नव्हे.
ज्याचा त्याचा एक तारा वर असतो.
तो पडला की ते माणूस...
पुढचं वाक्य कुणी पुरं करत नाही.

पहिला पडला पूर्वेला, टेकडीमागे,
शिवणीतून दोरा उसवावा तसा.
माझा नव्हे, तिघांनी म्हटलं.
दुसरा. माझा नव्हे.
मग दोन एकदम, मग पाच,
मग जीभच मागे पडू लागली,
थुंकी ओठांवर गोठू लागली.
एनेबिशला हसू फुटलं,
"ताई, एकदा म्हटलं त्यात सहा भागवले. चालतं का?"
मला तरी कुठं ठाऊक.
सूट मागायची कुणाकडे, ते मास्तरांनी सांगितलं नव्हतं.

एनेबिश म्हणजे 'हा नव्हे'.
त्याच्या आधीच्या दोघांना चांगली नावं होती,
एकाला सूर्याचं, एकाला पोलादाचं.
दोघेही वर्षाच्या आत गेले.
म्हणून तिसऱ्याला हे.
न्यायला येणारं जे कोण असेल
त्यानं गेरच्या दारात विचारावं, हाच का तो?
आणि आम्ही खोटं न बोलता सांगावं.

मध्यरात्र उलटल्यावर तो आला.
आधी जमीन उजळली.
मला माझी सावली दिसली, खुंट्याची दिसली,
उंटिणीच्या दोन्ही वशिंडांची दिसली,
आणि सगळ्या सावल्या मिळून सरकल्या,
कुणी सतरंजी ओढल्यासारख्या.
तेव्हा कुठं आम्ही माना वर केल्या.
हिरवा. मग पांढरा. मग फुटला.
आवाज काहीच नाही.
आमचा हुरेन भुंकायचं विसरला.

तो गेला, रेघ राहिली.
बाकीचे आपली वाट पुसत गेले होते,
ह्यानं पुसली नाही.
आधी सरळ होती, भाल्यासारखी,
मग वरच्या कुठल्याशा वाऱ्यानं
(खाली तर शेपटीचा केसही हलत नव्हता)
ती वाकवली, मुरडली,
आजोबांच्या उभ्या लिपीतलं एखादं अक्षर व्हावं तशी.
आजोबा असते तर वाचलं असतं.
आम्हांला ती लिपी येत नाही.

मी तोंड उघडलं, माझा न...
आई म्हणाली, थांब.
आणि तिनं हाक मारली, "एनेबिश!"
जोरात नाही. चहा निवतोय, ये, म्हणावं तशी.
"काय गं?" तो तर तिच्या कोपराला टेकून उभा.
"काही नाही. बघ."

मग ती आत गेली, दूध घेऊन आली,
नऊ खळग्यांच्या लाकडी पळीनं
रेघेकडे शिंपडलं.
थेंब वर गेलेले दिसले, खाली येताना दिसले नाहीत.
एनेबिशनं सहाशे चाळीसपर्यंत मोजलं, मग चुकला,
मग ती रेघ होती की आमच्याच डोळ्यांत उरली होती
ह्यावरून आमचं भांडण झालं.

पहाटे पांघरुणाच्या आतून तो म्हणाला,
"आई, त्या मोठ्याला आपण कुणीच नाही म्हटलं नाही."
आई चुलीत शेणी सारत होती.
"म्हटलं की. तुझं नाव घेतलं ना."

सकाळी हुरेनच्या पाठीवर
दुधाचे चार-पाच थेंब गोठलेले.
मान वळवून वळवून चाटत होता,
पोचत नव्हता.