मिश्र अपूर्णांक

तुर्भे स्टोअरची शाळा, सहावी ब.
तेवीस वर्षं मी विचारत आले, 'समजलं का?'
आणि वर्ग एका सुरात, 'होऽऽ बाई.'

मग परिपत्रक आलं: मिश्र अध्ययन.
म्हणजे शिकवणं घरी, मोबाइलवर,
आणि गृहपाठ शाळेत.
मी म्हटलं, सदरा उलटा घातलाय यांनी,
शिलाई बाहेर.

तरी केला व्हिडिओ. स्वयंपाकघरात,
डाळीच्या डब्यांना फोन टेकवून,
फळा म्हणून कपाटाचं दार.
अपूर्णांकांची बेरीज, नऊ मिनिटं.
सहाव्या मिनिटाला कुकरची शिट्टी झाली,
ती राहू दिली.

प्रणाली शेडगेच्या घरात फोन एकच.
दिवसभर तो वडिलांच्या खिशात,
कांदा-बटाटा बाजारात, गोणींखाली.
रात्री साडेनऊला घरी येतो,
पहाटे चारला पुन्हा निघतो.
मधल्या वेळात मी,
आवाज अगदी बारीक केलेली,
कारण बाप झोपलेला.

सोमवारी ती टेबलाशी आली. आपण होऊन.
'बाई, शिट्टी झाली ना,
त्याच्या आधी तुम्ही खालचे आकडे सारखे केले.
का केले, ते सांगितलंच नाही.
मी अकरा वेळा मागे नेऊन बघितलं.'

अकरा वेळा.
वर्गात मला कुणी एकदाही थांबवलं नव्हतं.
ते 'का' ओलांडून मी
किती मुलांना पुढे घेऊन गेले असेन,
त्या 'होऽऽ'च्या भरवशावर.

भीती होती, यंत्र माझी जागा घेईल.
घेतली त्यानं. खुर्ची घेतली.
मी आता बाकावर, कुणाल मढवीच्या शेजारी,
डब्यातल्या दोन चपात्या घेऊन:
एकीचे तीन तुकडे, एकीचे चार.
'सांग, तुकडे एका मापाचे नसतील तर मोजायचे कसे?'
तो विचार करता करता एक तुकडा खातो.

पाच जणांकडे फोनच नाही.
ते मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर बघतात,
डोक्याला डोकं लावून,
आणि कुठे थांबवायचं यावरून भांडतात.
परिपत्रकात त्यांच्यासाठी रकाना नाही.

फळ्यावर लिहिते: एक पूर्णांक एक छेद दोन.
पूर्ण आणि अपुरं, शेजारी शेजारी.
'मधे अधिक असतं ना बाई?' प्रणाली विचारते,
'फक्त लिहायचं नसतं?'

असतं.
त्यात पूर्ण कोण, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

व्हिडिओ पुन्हा करायचाय, त्या 'का'सकट.
शिट्टी ठेवीन.